बोंबील कुठला?

पालघरला समुद्र नाही. पालघरला समुद्र एसटीने येतो. सकाळच्या गाडीतून पाट्या उतरतात, पाट्यांवर ओलं गोणपाट, आणि गाडी धुवायची कुणी यावरून कंडक्टरची रोजची कुरकुर. पावसाळाभर या गाडीला नुसता ओल्या छत्र्यांचा वास असतो. दसरा उलटला की एक दिवस दुसरा वास उतरतो. नव्या हंगामातल्या पहिल्या सुक्या बोंबलाचा. तो अजून पुरता वाळलेला नसतो, त्यात थोडा दर्या शिल्लक असतो.

परवा तो वास आला तेव्हा मी स्टँडसमोर चहा पीत उभी होते. ऊन चांगलं चढलं होतं. शेजारी डोंगराकडची काही कुटुंबं भांडीकुंडी घेऊन वीटभट्टीच्या ट्रकची वाट बघत बसली होती. हळवं, लवकर पिकणारं भात कापून झालं की ती अशी खाली उतरतात. त्यांच्यावर एक पत्रक लिहायचं कधीचं राहून गेलं आहे. माझ्या कपाळावर घाम होता, हातात कपातला चहा वाफाळत होता, आणि वास आला तशी मला थंडी वाजली. खरोखरची. अंगावर काटा आला.

ही थंडी इथली नाही. ती उत्तर इंग्लंडातल्या एका गावातली आहे. वसतिगृहाची हिरवळ, पायात घरातल्या चपला, अंगात पातळ स्वेटर, आणि आत आग लागल्याची घंटा किंचाळते आहे. आग लागलेली नव्हती. मी बोंबील भाजत होते.

सरळच सांगते, मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात पहिल्या ओळीत आरोप असतो, मधे मागण्या, शेवटी सभेची जागा. ठसठशीत असतं सगळं. त्या बोंबलाबद्दल लिहायला बसले की माझी गाडी पहिल्याच ओळीत अडते. आरोप कुणावर, हेच मला नक्की सांगता येत नाही. म्हणून हे असं, जसं आठवेल तसं.

आमचं घर चिंचणीला. चिकूची वाडी, मागे विहीर, पुढे ओटी. त्या ओटीवर सुका मासा विकणारी हिरूमावशी येऊन बसायची. शेजारच्याच किनाऱ्यावर तिचं गाव. डोक्यावरची पाटी उतरवायला ती आईला हात लावायला सांगायची आणि मग जिंकल्यासारखी पाय पसरून बसायची. आई तिला वर्षानुवर्षं ओळखते, ती कुठून येते हे आमच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं, तरी आई दर वेळी विचारायचीच, "कुठला गं?" आणि मावशी दर वेळी आपल्या गावाचं नाव घ्यायची, मान ताठ करून, जणू पहिल्यांदाच सांगते आहे.

आमच्याकडे ही रीतच आहे. सुका मासा घेताना भाव नंतर. आधी विचारायचं, कुठला? ओला मासा समोर दिसतो, कल्ला उचलून बघता येतो. सुका बोंबील सगळा सारखाच, वाकडा, पिवळट, तोंड वासलेला. तो कुठल्या वाऱ्यावर वाळला, कुठल्या बायकांच्या हातांनी दोरीवर चढला, हे गावाच्या नावावरूनच कळायचं. ज्या गावाचं नाव चांगलं, त्या गावाची पाटी आधी रिकामी. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते थोडे माशाचे आणि थोडे नावाचे.

मावशीच्या गावाचं नाव चांगलं होतं. लहानपणी मी तिच्याबरोबर तिथे जायची. किनाऱ्याला लागून बांबू रोवलेले, बांबूंना आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील. त्या मांडवाला वलांडी म्हणतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मी टाकलेल्या जोड्या हमखास सुटून वाळूत पडायच्या. मावशी म्हणायची, हिच्या हातचं लग्न टिकत नाय. वारा सुटला की सगळ्या वलांड्या एकदम सळसळायच्या, पिंपळासारख्या. खाली मांजरं वर बघत बसलेली.

त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याला वाटेल, ही काय लपवालपवी. थांबा थोडं.

त्या गावाच्या खाडीत एक पाइप येतो. बोईसरच्या बाजूने. कुठल्या कारखान्याचा, तेही लिहीत नाही, कारण त्याचं नाव घेतलं की गावाचं नाव कुणालाही कळेल. दोघांची नावं एकमेकांत अडकलेली आहेत, त्या बोंबलांच्या जबड्यांसारखी. एक सोडवायला गेलं की दुसरं खाली पडतं. पाइपातलं पाणी कधी पातळ चहाच्या रंगाचं, कधी जांभळट. खाडीच्या तोंडाशी बायका कालवं फोडायच्या, त्यांच्या हातांना खाज सुटायला लागली, कातडी सोलायला लागली. मावशीने कालवं सोडून दिली. मी ते हात बघितले आणि पेटले. आमची पाच-सहा जणांची संघटना होती, सायकली आणि एक सतरंजी एवढी आमची मालमत्ता. मी रातोरात पत्रक लिहिलं. मथळा: अमुक गावचा मासा खाऊ नका. खाली: हे विष कुणी कालवलं?

पालघरच्या छापखान्यात बाबूकाका अजून हाताने खिळे जुळवतात. त्यांनी मथळा वाचला, चष्मा वर केला आणि जाहीर सभांसाठी ठेवलेले सगळ्यांत मोठे लाकडी ठसे काढले. म्हणाले, "या गावाचं नाव एवढं मोठं कधी कुणी छापलं नसेल." मला ते कौतुकच वाटलं.

बोईसर स्टेशनवर वाटलं, बाजारात वाटलं, सालवडच्या कामगार चाळींत दारोदार वाटलं. आमचा हिशेब सोपा होता. लोक मासा घेणार नाहीत, बोंब होईल, बोंब झाली की वरच्यांना झोपेतून उठावं लागेल, आणि कारखान्याला जाब विचारला जाईल. लोकांनी पत्रक वाचलं. अगदी मनापासून वाचलं. कारखान्याला मात्र कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते मावशीला.

पण ते मला तेव्हा कळलं नाही, कारण पाऊस संपता संपता मी निघून गेले होते. सार्वजनिक आरोग्य शिकायला. सरकारची शिष्यवृत्ती मिळाली होती. बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते म्हणत, तू डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, औषध देणार नाहीस, मग आरोग्य म्हणजे नेमकं काय करणार? मी तावातावाने सांगायची की आजार दवाखान्यात नाही, पाइपात सुरू होतो. ते ऐकून घेत आणि वाडीत पाणी सोडायला निघून जात. आई शेजारणींना सांगे की मोठ्या नर्सचा कोर्स आहे.

निघायच्या आदल्या दिवशी हिरूमावशी आली. पाटी नव्हती. पत्र्याचा एक डबा होता, झाकणावर फडकं बांधलेलं. आत बोंबील. भादव्यात नवा बोंबील नसतो. हे गेल्या हंगामातले, तिने घरच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवलेले होते. "थिकडं काय गावंल नाय गावंल," म्हणाली, "भूक लागली का दोन भाज." पत्रकाबद्दल एक अक्षर बोलली नाही. मीही नाही काढलं. मला वाटलं, तिला अभिमान वाटत असेल.

तिकडचा पाऊस पडत नाही, लटकतो. सकाळी उठावं तर खिडकीबाहेर तो तसाच, काल रात्री ठेवला होता तिथे. आमच्या वर्गात जगभरची माणसं होती. कुणी मलेरियावर आलेलं, कुणी बाळंतपणांवर, मी पाइपावर. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, राखाडी केस, पायात पुरुषी बूट. त्यांचा एकच प्रश्न असे. तुम्हाला हे कसं कळलं? मी म्हणे, पाण्याचा रंग बदलला. त्या म्हणत, बरं, आणि रंगाने काय होतं हे कसं कळलं? मी म्हणे, बायकांचे हात. त्या म्हणत, हातांचं समजलं, माशाचं कसं कळलं? मी चिडायची. सभेत मला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. सभेत माणसं टाळ्या वाजवतात.

माझ्या पहिल्या निबंधातलं गावाचं नाव त्यांनी खोडलं आणि वर लिहिलं, गाव अ. त्या एका अक्षराने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्या खोलीत जाऊन भांडले. म्हटलं, आमच्याकडे नाव लपवतात ते लोक विकले गेलेले असतात. ज्यांचं नुकसान झालं त्यांना नाव असतं, घर असतं, तुम्ही त्यांना बाराखडीतलं अक्षर करून टाकता. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तुम्ही नाव छापल्यावर त्या गावाचं काय झालं, हे बघायला कुणी गेलं होतं का?"

मी रागाने निघून आले. तो राग त्या चुकत होत्या म्हणून आला होता की बरोबर होत्या म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. गरम खोलीत बसून दुसऱ्यांच्या गावांची नावं खोडणं सोपं आहे, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही काही वेळा वाटतं.

एका रविवारी दुपारी मी डबा उघडला. वसतिगृहाचं सामाईक स्वयंपाकघर, वर पांढरी गोल डबी, ती धूर हुंगते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बोंबील थेट आचेवर धरले, आई धरते तसे. मिनिटभरात घंटा. सगळं वसतिगृह हिरवळीवर. एका नायजेरियन मुलाच्या अर्ध्या गालाला दाढीचा फेस होता आणि तो मला अगदी सभ्यपणे विचारत होता की काही मेलं आहे का. मी थंडीने कुडकुडत उभी होते, हातात चिमट्यात अर्धवट भाजलेला बोंबील. तेवढ्यात गर्दीतून एक मुलगी नाक वर करून माझ्याकडे चालत आली. सलमा. चितगावकडची, तिकडे डॉक्टर होती, माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसायची. आजवर आम्ही फारशा बोललो नव्हतो. ती सिनेमातून शिकलेल्या हिंदीत, पण सुक्या माशाला त्यांच्याकडचा शब्द वापरून म्हणाली, "ये तो शुटकी है." आणि तिने माझ्या हातातला बोंबील सरळ काढून घेतला.

घंटा बंद झाल्यावर आम्ही दोघींनी भात टाकला. कच्चा कांदा, हिरवी मिरची, भाजून चुरलेला बोंबील, वर तेल. एका ताटात, हाताने. तिच्याकडे हाच मासा लसणात शिजवतात, ती म्हणाली, पण भाजलेलाही वाईट नाही. बोटं चाटताना आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. परदेशात आल्यापासून माझं पोट त्या दिवशी पहिल्यांदा भरलं.

त्याच आठवड्यात वर्गात माझा विषय मांडायची पाळी होती. मी पत्रकच इंग्रजीत उभं केलं. पडद्यावर खाडीचा फोटो, मावशीच्या हातांचा फोटो. शेवटी मी मोठ्याने म्हटलं, या किनाऱ्यावरचा मासा आज विष झाला आहे. गाव अ. माणसं हलली. दोघातिघांनी येऊन हात हातात घेतले. मला बोईसरच्या बाजारात उभी असल्यासारखं वाटलं.

नंतर मोरीपाशी आम्ही कप विसळत होतो. सलमाने सहज विचारलं, "तो रविवारचा मासा, तो कुठला होता?"

आईचाच प्रश्न. मी सवयीने, मान ताठ करून, मावशीच्या गावाचं नाव घेतलं.

सलमाने नळ बंद केला. म्हणाली, "म्हणजे गाव अ?"

मी हो म्हटलं. ती आधी हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, तू स्वतः खाल्लास, मला खायला घातलास, आणि आत्ता आत सांगत होतीस की खाऊ नका. तिला राग आला नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. आणि मला सांगता येईना. कारण यात लबाडी काही नव्हती. मला ते सुचलंच नव्हतं. पत्रकातला मासा एक होता आणि हिरूमावशीच्या डब्यातला मासा दुसरा. पत्रकातल्या माशात विष होतं. डब्यातला मासा मावशीचा होता. हे दोन्ही मासे एकाच दोरीवर वाळले होते हे माझ्या डोक्यात कधी एकत्र आलंच नाही. जिने ते पत्रक लिहिलं तिचाच त्यावर विश्वास नव्हता की काय? की विश्वास होता, पण पोटाला तो लागू नव्हता?

डबा पलंगाखाली पडून राहिला. मी खाईना आणि टाकीनाही. पुढच्या रविवारी सलमा भाताचं पातेलं घेऊन दारात उभी. "चल, काढ तो डबा," म्हणाली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "पुरावा नाही ना अजून?" आम्ही खाल्लं. या वेळी खिडकी उघडी ठेवून.

बाईंनी पुढे मला एक साधी गोष्ट विचारली. बोंबील धरतात कुठे? बाहेर, म्हटलं, खोल दर्यात, डोल जाळ्याने. आणि पाइप? खाडीत. मग? मी पत्रकात कालवं, बोई, निवट्या, बोंबील, सगळं एका शब्दात कोंबलं होतं. मासा. कालवांवर पाइपाचं पाणी थेट पडतं. बोंबील कदाचित चांगला असेल. कदाचित नसेल, तो वाळतो त्याच किनाऱ्यावर, धुतात त्याच पाण्यात. कदाचित. हा शब्द माझ्या एकाही पत्रकात नव्हता. तो इंग्लंडात शिकले. एवढा पैसा खर्च करून सरकारने मला 'कदाचित' शिकवून परत पाठवलं, असं बाबांनी ऐकलं असतं तर ते वाडीत पाणी सोडायला गेले असते.

पुढच्या वर्षी परतले तेव्हा हाच हंगाम होता. वारा फिरलेला, उन्हाला नुकती धार आलेली. बोईसरच्या आठवडा बाजारात सुक्या माशांच्या बायका एका रांगेत बसतात. मी मागच्या बाजूने आले, मावशीला चकित करायला. तिच्यासमोर एक माणूस उकिडवा बसला होता. त्याने विचारलं, कुठला? आणि हिरूमावशी, जिच्या तोंडून मी आयुष्यभर एकच नाव ऐकलं, मान खाली घालून म्हणाली, "सातपाटीचा."

सातपाटीचं नाव या पट्ट्यात मोठं. माणसाने घेतला आणि गेला. मावशी वळली, मला बघितलं. "आलीस बाय? काय खायाला देत व्हते का नाय थिकडं?"

मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसले. विचारावं लागलं नाही, ती हळूहळू बोलत गेली. पत्रकानंतर गावाचं नाव घेतलं की गिऱ्हाईक पाटीवरचा हात काढून घेई. ती आधी भांडली, मग समजावलं, मग स्वतः समोर भाजून खाऊन दाखवला. शेवटी एकीने सातपाटी म्हटलं, तशा सगळ्या म्हणायला लागल्या. पलीकडची बाई न बघताच म्हणाली, "येवडा बोंबील सातपाटीच्या दर्यात तरी हाय का?" रांगेतल्या बायका हसल्या. मावशीही हसली. मग म्हणाली की परवा सातपाटीच्या बायका इथे येऊन कडाकडा भांडून गेल्या. आमच्या गावाचं नाव घेऊन विकाल तर पाट्या उलट्या करू. त्यांचंही बरोबर. उद्या त्यांच्या नावालाही वास लागला तर?

"आता काय बोलू ता सांग," मावशी म्हणाली. "सातपाटी बोलाया नाय, आमचा बोलाया नाय. ह्यो हंगाम असाच गेला ना, तं वलांडी मोडीन, बांबू इकीन आनि जाईन कंपनीत झाडू माराया. बोलावतात बायकांना. त्याच कंपनीत."

त्याच कंपनीत. तिने ते असं सांगितलं, जसं पाऊस येईलसं दिसतंय म्हणून सांगावं.

मी म्हटलं, मी नवं पत्रक लिहिते. कालवांचं वेगळं, बोंबलांचं वेगळं, नीट समजावून. ती म्हणाली, लिव, पन गावाचं नाव नको. मी म्हटलं, नावाशिवाय कोण ऐकेल मावशी? कुठला पाइप, कुठली खाडी, सांगायला नको? मग नकोच लिवू, ती म्हणाली. तिने पाटीतले बोंबील उगाच खालचे वर केले. मग एकदम तळवे माझ्यासमोर धरले. ते अजून तसेच होते, सोललेले, बोटांच्या मधे लाल.

"नाय, लिव," म्हणाली. "पाइप बंद व्हाया पायजे. पन नाव नको. कसा लिवायचा ता तू शिकून आलीस ना, तूच बग."

आणि जरा पाणी पिऊन येते, पाटीवर बस, असं म्हणून उठून गेली.

आत्ता लिहिताना मी त्या पाटीपाशीच जरा थांबते. परवा स्टँडवर माझ्या एका हातात चहा होता, तर दुसऱ्या हातात त्याच नव्या पत्रकाचा मजकूर. वर्ष झालं, तो पुरा होत नाही. मथळ्याची जागा कोरी आहे. बाबूकाका म्हणतात, मोठे ठसे काढून ठेवलेत, नाव सांग. संघटनेतले म्हणतात, तू तिकडून आल्यापासून मऊ झालीस. एकाने तर तोंडावर विचारलं, कंपनीने काय दिलं? मी त्याला शिव्या दिल्या, पण त्याचा प्रश्न माझाच आहे, मी बाईंच्या खोलीत हेच तर बोलले होते. नाव घेतलं तर मावशी मरते. नाही घेतलं तर पाइप सुखाने वाहतो. तिसरं काही असेल तर मला दिसत नाही. दिसत असेल त्याने येऊन सांगावं, मी सतरंजी टाकते. यंदा मावशीच्या वलांड्या उभ्या आहेत. अर्ध्या. बाकीचे बांबू कुठे गेले, मी विचारलं नाही.

तर, पाटी. मी एकटी बसले होते. समोर एक माणूस आला. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, खिशाला पेन, सायकल हाताने धरलेली. सालवडला राहणारा, पाळी सुटून आलेला असावा. त्याने एक बोंबील उचलला, मोडून वास घेतला आणि विचारलं, "कहाँ का है?"

मला म्हणायला आवडेल की मी विचार केला. नाही केला. ओटीवर ऐकलेलं उत्तर तोंडातून निघालं, मोरीपाशी निघालं होतं तसंच. मावशीच्या गावाचं खरं नाव.

आता तो हात काढून घेणार, असं मला वाटलं. त्याने हात काढला नाही. म्हणाला, "अच्छा, उधर का? हमारी कंपनी का पानी भी उधर ही जाता है ना." त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती नव्हती. गावचं कुणी भेटावं तशी ओळख पटल्याचा सूर होता. मग म्हणाला, "तो फिर भाव कम करो."

तो थांबला होता. खाऊ नका म्हणावं, तर मी डबा संपवला होता. बिनधास्त खा म्हणावं, तर ते मला माहीत नव्हतं. तुझ्या कारखान्याने हे केलं म्हणून ओरडावं, तर त्याच्या शर्टालाही पाइपातल्या पाण्याचाच वास होता, त्या पाण्यात हात बुडवून तो घर चालवत होता. मी भाव कमी केला. त्याने आणखी थोडा कमी करून घेतला, मोठा वाटा पिशवीत भरला, पिशवी हँडलला अडकवली आणि घंटी वाजवत गेला. ज्याच्या भल्यासाठी पत्रक काढलं तो हाच. ज्या नावाला मी सगळ्यांत मोठे ठसे लावले, त्याने ना कारखाना हलला, ना याचा घास थांबला. स्वस्त झालं, एवढंच.

मावशी आली. पाटीतला खड्डा बघितला, माझ्या हातातली नोट बघितली, आणि तिला सगळं कळलं.

"नाव सांगितलास," म्हणाली.

मी मान डोलावली.

"तरी घेतलान?"

"घेतला."

ती खाली बसली. रागावेल असं वाटलं, रागावली नाही. नोट कनवटीला लावली आणि सालवडच्या रस्त्याकडे बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठे तरी बघितलं होतं. नंतर आठवलं, सलमाने नळ बंद केला तेव्हा समोरच्या काळ्या खिडकीत दिसलेला माझाच चेहरा.

तेवढ्यात एक बाई थांबली. कडेवर पोर, हातात भाजीची पिशवी. पोराने हात लांब करून बोंबील पकडला, बाईने त्याच्या मुठीतून सोडवला आणि परत ठेवायच्या आधी मावशीला विचारलं, "कुठला गं?"

रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. मावशीने पाटी थोडी माझ्या बाजूला सरकवली आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

"हिला इचार."

बाई माझ्याकडे वळली. पोरही वळलं.